सुखरूप पोचलो, काळजी नसावी

१४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद. आपल्या टपाल खात्याच्या पोस्टकार्डाचं माप एवढंच. बारीक अक्षर असेल तर मागच्या बाजूला पंधरा-सोळा ओळी बसतात, पुढे डावीकडच्या अर्ध्या भागात आणखी काही, आणि उजवीकडे पत्ता. एवढ्याशा कागदावर महाराष्ट्रातल्या तीन-चार पिढ्यांनी आपले प्रवास ठरवले, निभावले आणि घरी कळवले. काशीला उतरायची सोय कार्डाने व्हायची, बांधाबांधीत कोरी कार्डं आठवणीने घेतली जायची आणि मुक्कामी पोचल्यावर अंघोळीच्याही आधी कार्ड पेटीत पडायचं. आगगाडीचं, मोटारीचं, विमानाचं कौतुक पुष्कळ झालं. त्यांनी माणसाला दूर नेलं. दूर गेलेल्या माणसाची खबर घरी राहिलेल्यांपर्यंत पोचवून त्यांच्या जिवाला स्वस्थता दिली ती या कार्डाने, आणि ते काम काही कमी मोलाचं नव्हे.

कार्डापूर्वीचा काळ डोळ्यांसमोर आणला की त्याचं महत्त्व कळतं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, असा हिशेब होता. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला, लुटारूंनी नागवलं, आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते परतले तेव्हा जवळजवळ तीन वर्षं लोटली होती. त्या प्रदेशातून एका साध्या भिक्षुकाचं पत्र कोकणातल्या खेड्यात पोचेल असा भरवसा तेव्हा कोणी देऊ शकत नव्हतं. त्यांचा ‘माझा प्रवास’ छापून निघाला तो १९०७ साली. आज आपण तो विष्णुभटांच्या नजरेने वाचतो. मला मात्र तो वाचताना वरसईच्या घरात वाट पाहत बसलेली माणसं दिसत राहतात. लांबच्या यात्रेला निघणाऱ्याचा निरोप त्या काळी शेवटचा असावा तसा घेतला जाई, त्याचं कारण वाटेतले चोर आणि पटकी एवढंच नव्हतं. माणूस वेशीबाहेर गेला की त्याची खबरच थांबायची.

दोन गोष्टींनी हे बदललं, आणि दोन्ही जवळजवळ एकाच सुमाराला आल्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढच्याच वर्षी डलहौसीच्या कारकिर्दीत टपालाचा नवा कायदा झाला आणि अंतर कितीही असो, हलक्या पत्राला देशभर अर्धा आणा हा एकच दर ठरला. त्याआधी जितकं लांब तितका दर जास्त, त्यामुळे लांब गेलेल्या माणसाने घरी लिहिणं सर्वांत महाग पडत असे. ज्याला सर्वांत जास्त गरज त्यालाच सर्वांत जास्त भुर्दंड. एकसमान दराने ही उलटी गोष्ट सुलटी केली. मग ७ मार्च १८७० रोजी जबलपूरला मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा असे दोन लोहमार्ग एकमेकांना जोडले गेले. मराठी माणसाला प्रयाग-काशी गाडीने गाठता येऊ लागली. महिन्यांची वाट दिवसांवर आली.

तरी अर्धा आणा म्हणजे गरिबाला थोडा नव्हता. शिवाय पत्राला कागद हवा, पाकीट हवं, डिंक हवा. चार ओळी कळवायला एवढा व्याप कशाला, हा प्रश्न तिकडे युरोपातही लोकांना पडला होता. १८६५ साली प्रशियाच्या हाइनरिख फॉन श्टेफान या टपाल अधिकाऱ्याने उघड्या पत्राची कल्पना मांडली आणि ती नाकारली गेली. नोकर-चाकरांनी वाचावं असं पत्र सभ्य माणूस लिहील कशाला, अशी शंका तेव्हा लोकांना येत असे. चार वर्षांनी ऑस्ट्रियातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक इमानुएल हेरमान यांनी व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात लेख लिहून तीच गोष्ट हिशेबाने पटवून दिली. पत्ता आणि सही धरून २० शब्द, अशी मर्यादा त्यांनी सुचवली होती. टपाल खात्याने शब्दांची अट काढून टाकली, बाकी सूचना उचलली, आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत विक्रीला आलं. त्याच्या मागे एक सूचनाही छापली होती, की आतल्या मजकुराला टपाल खातं जबाबदार नाही. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ३० लाख कार्डं खपली. बरोबर एका वर्षाने ते ब्रिटनमध्ये आलं.

हिंदुस्थानात कार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी. वर राणीचं चित्र, ‘ईस्ट इंडिया पोस्टकार्ड’ अशी इंग्रजी अक्षरं, आणि या बाजूला फक्त पत्ता लिहावा अशी ताकीद. किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. रुपयाला ६४ कार्डं. दुसऱ्या वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. आता घरचा माणूस हजार मैलांवर अडला तर एका पैशात कळवू शकत होता आणि घरून त्याला पैसे पाठवताही येत होते. प्रवासाची भीती ओसरण्यात या दोन सोयींचा वाटा रुळांच्या बरोबरीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. १९२२ साली कार्ड अर्ध्या आण्याला झालं. एकदम दुप्पट झालेल्या या दराचा फटका घरोघर बसला असणार. १९८०च्या दशकात ते १५ पैशांना मिळे, आणि २००० सालानंतर पन्नास पैशांवर जाऊन तिथेच दीर्घकाळ टिकलं.

या कार्डावर प्रवास ठरायचा कसा, तेही पाहण्यासारखं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत यात्रा काढायची तर बोलणी फाल्गुनातच सुरू होत. रजा मंजूर झाली की रेल्वेचं वेळापत्रक समोर घेऊन बेत आखायचा आणि मग जोडकार्डं लिहायला बसायचं. जोडकार्ड म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन कार्डं. एकावर आपला मजकूर, दुसरं कोरं, पण त्याच्या उत्तराचा खर्च आपणच आधी भरलेला. ते घडी करून पाठवायचं. तिकडच्याने आपला अर्धा फाडून ठेवायचा आणि दुसऱ्या अर्ध्यावर उत्तर लिहून पेटीत टाकायचं. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांना, काशीच्या धर्मशाळेला, जबलपूरच्या दूरच्या आतेभावाला अशी कार्डं जात. मजकूर मोजका: इतकी मोठी माणसं, इतकी मुलं, अमुक तिथीला सकाळच्या गाडीने पोचू, खोली मिळेल का, स्वयंपाकाची भांडी आहेत का, सोवळ्याचं पाणी जवळ आहे का, उलट टपाली कळवावं. उत्तरं आली की ती वेळापत्रकात खुणेला ठेवायची. सगळ्या यात्रेचा आराखडा असा दहा-बारा कार्डांत उभा राहायचा. अनोळखी गावातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाच्या दोन ओळींवर विसंबून सहा-सात जणांचं कुटुंब घराला कुलूप लावून निघायचं. तो विश्वास कार्डाने निर्माण केला नाही, तो समाजात होताच. पण कार्डाने त्याला लेखी आधार दिला.

बांधाबांधीचं एक शास्त्रच होतं. होल्डॉल अंथरायचा, त्यात सतरंज्या, चादरी, उशा. दोन्ही बाजूंच्या खिशांत चपला, पंचे आणि मुलांचे कपडे. मग गुंडाळून पट्टे आवळायचे. पत्र्याच्या ट्रंकेत खाली जड भांडी, स्टोव्ह, वर कपडे. पाण्याला फिरकीचा तांब्या, कारण धावत्या गाडीत पाणी सांडू न देणारं दुसरं भांडं नव्हतं. दुधात भिजवलेल्या दशम्या, कारण त्या दोन-तीन दिवस नरम राहतात. मेतकूट, चिवडा, बेसनाचे लाडू, लिंबाचं लोणचं. अमृतधारेची बाटली, सुई-दोरा, सुतळी, मेणबत्ती आणि काडेपेटी. आणि ट्रंकेत सगळ्यात वर, झाकण उघडताच हाताला लागेल अशा जागी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आठ-दहा कोरी कार्डं आणि एक पेन्सिल. पेन्सिलच, कारण शाईचं पेन गाडीच्या हादऱ्याने गळतं आणि शाईवर पाण्याचा थेंब पडला की पत्ता जातो.

ज्या घरात व्यवस्थितपणा मुरलेला असे तिथे निघण्यापूर्वीच कार्डांवर पत्ता घालून ठेवत. हे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे असे, अक्षर चांगलं असलेल्या. मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं ठळक. पत्ता घातलेलं कार्ड बरोबर असलं की फलाटावर पाच मिनिटं गाडी थांबली तरी मागे चार ओळी खरडून पेटी गाठता येते, आणि लिहिता न येणाऱ्या आजीलाही ते कुणाकडून पुरं करून घेता येतं. शिवाय प्रवासात कुणाचं काही बरं-वाईट झालं तर कुठे कळवायचं, हे परक्या माणसालाही ते कार्ड पाहून कळतं. हे शेवटचं कारण घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कार्ड पेटीत पडल्यावर पुढे जे घडतं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोठं नवल वाटतं. आपल्याकडे १८६३ सालीच अलाहाबाद-कानपूर मार्गावर धावत्या गाडीत टपालाची वाटणी सुरू झाली होती. हीच पुढे रेल्वे मेल सर्व्हिस, लोकांच्या तोंडी आर. एम. एस. गाडीला लाल रंगाचा टपालाचा डबा जोडलेला. आत भिंतीला लाकडी कप्प्यांची मांडणी, प्रत्येक कप्पा एका दिशेचा किंवा एका मोठ्या गावाचा. सॉर्टर उभा. डब्याच्या हिंदकळ्याशी तोल सांभाळत तो कार्डावर नजर टाकतो आणि कार्ड कप्प्यात जातं. रात्रभर, पिवळ्या दिव्याखाली, देवनागरी, मोडी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा नाना अक्षरांतले पत्ते. पुढचं जंक्शन येण्याआधी तिथे उतरायच्या थैल्या भरून, बांधून, लाखेची मोहर लावून तयार. डब्यालाच एक पेटी असे. गाडी सुटता सुटता जास्तीचं तिकीट लावून कार्ड तिच्यात टाकता येई. भुसावळच्या फलाटावर रात्री टाकलेलं कार्ड लिहिणाऱ्याला घेऊन जाणाऱ्या त्याच गाडीत वाटलं जात असे, आणि लिहिणारा तिसऱ्या वर्गाच्या बाकावर पेंगत असे. त्या सॉर्टरांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. त्यांनी वाचलेल्या पत्त्यांवर देश चालत होता.

याच वाटेवर एक जागतिक विक्रमही आपल्या पदरात पडला आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनात आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे ६,५०० पत्रं आणि कार्डं घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीला उड्डाण केलं. काही मैलांचंच अंतर. पण जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल म्हणून त्याची नोंद आहे, आणि ते निघालं ते पिढ्यान् पिढ्या यात्रेकरू ज्या प्रयागाला जात होते तिथून.

आता प्रत्यक्ष कार्डाकडे वळू. आमच्या नात्यातल्या एका जुन्या घरी पत्रांची तार अजून आहे. खाली लाकडाची चकती, तिच्यातून वर गेलेली जाड तार, टोकाला आकडा. वाचून झालेलं कार्ड तिच्यात खोचायचं. त्या तारेतलं हरिद्वारहून आलेलं एक कार्ड मी पुष्कळ वेळ हातात धरून पाहिलं. मधोमध तारेचं भोक, त्याभोवती गंजाचं तांबूस वर्तुळ. वर ‘श्री’. मजकूर असा: ‘ती. दादा यांस कृ. सा. न. वि. वि. काल सकाळी ९ वाजता सर्व मंडळी सुखरूप पोचलो, काळजी नसावी. गाडीत बसायला जागा मिळाली. आईचा खोकला कमी आहे. पाणी फार गार. तांब्या खांडव्याला राहिला, इथे नवा घेतला. मागच्या दाराची कडी रात्री आठवणीने लावावी. पुढील पत्र दिल्लीस मोठ्या पोस्टात, न्यायला येऊ असे लिहून घालावे. सौ. वहिनींस नमस्कार, चि. मुलांस आशीर्वाद. क. लो. अ. ही वि.’ मग जागा संपली म्हणून समासात आडवं: ‘गंगेत दीप सोडला.’

सगळ्या कार्डात गंगेवर एवढीच एक ओळ, तीही समासात. पहिल्या वाचनात हे खटकतं. एवढ्या लांब जाऊन पाहिलं काय, ते कुठे आहे? पण घरच्यांना हवं होतं तेच यात आहे, आणि ज्या क्रमाने हवं होतं त्याच क्रमाने. माणसं पोचली, आईची प्रकृती बरी, हवा कशी ते कळलं, वस्तू हरवली ती भरून काढली, घराकडे लक्ष आहे, पुढचं पत्र कुठे घालायचं ते सांगितलं. हर की पौडीचं वर्णन परत आल्यावर ओसरीवर बसून चार रात्री सांगण्याचं होतं. ते कार्डावर कशाला वाया घालवायचं? प्रवासी घराबाहेर पडूनही घरातच कसा उभा असतो, हे मागच्या दाराच्या कडीवरून कळतं. प्रवासवर्णनाच्या पुस्तकांत देश दिसतो. कार्डात माणूस दिसतो.

‘न्यायला येऊ’ हीही एक सोय होती. फिरतीवरच्या माणसाचं पत्र मोठ्या गावच्या मुख्य पोस्टात राखून ठेवत. त्याने खिडकीवर नाव सांगून न्यायचं. त्यामुळे टपाल दोन्ही बाजूंनी चाले. घरी बाळंत झालेल्या मुलीची बातमी बापाला दिल्लीच्या पोस्टात भेटे. कार्डावर दोन शिक्के असत, निघाल्याचा आणि पोचल्याचा. तेवढ्यावरून कार्ड किती दिवस चाललं हे काढता येई, आणि घरातली मोठी माणसं ते काढतच.

उघडं कार्ड पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतात, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. त्यामुळे पैशाचा आकडा कार्डावर येत नसे. भांडण येत नसे. मंगल बातमीच्या कार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत, आणि मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. वाचता न येणाऱ्यालाही कार्ड हातात पडताच निम्मं कळायचं. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठी मुंबईच्या मोठ्या पोस्टाबाहेर पत्रलेखक बसत. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारी ती इमारत १९१३ साली पुरी झाली. कोकणातल्या आणि घाटावरच्या हजारो घरांना मुंबई कळली ती त्या लेखकांच्या अक्षरात.

चित्राची कार्डं हा वेगळा, हौशी प्रकार. सुरुवातीला त्यांच्या एका बाजूला फक्त पत्ता चाले, म्हणून मजकूर चित्राच्या कडेने कोंबावा लागे. १९०२ साली ब्रिटनने पत्त्याची बाजू दुभागायला परवानगी दिली आणि मग इतर देशांनीही. आज आपण वापरतो ती रचना तिथून आली. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने, जो मुंबईहून पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, चित्रकार्डं काढली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं कार्डांसाठी रंगवली. ही कार्डं साहेबांनी भरभरून विलायतेला धाडली, म्हणून आज त्यांतली कितीतरी तिकडच्या संग्रहांत सापडतात.

कार्डं वाढली तसा पत्ते वाचण्याचा गोंधळही वाढला. एकट्या महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावं किती, हे कोणत्याही पोस्टमनला विचारावं. त्यात भाषा अनेक, लिप्या अनेक. यावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात वरिष्ठ पदावर होते आणि संस्कृतात विपुल लिहिणारे कवी-नाटककार होते. त्यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड सुरू झाला. सदाशिव पेठेचा ४११०३० घ्या. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन आकडे मिळून ४११ म्हणजे पुण्याची वाटणी. शेवटचे ०३० म्हणजे वाटप करणारं पोस्ट. ज्या सॉर्टरला मराठी वाचता येत नाही तोही आकडे पाहून कार्ड योग्य कप्प्यात टाकू शकतो. देशातल्या सगळ्या लिप्यांना ओलांडून जाणारी ही सहा अक्षरांची भाषा संस्कृतच्या एका कवीने घडवली, याचा अभिमान मराठी माणसाने जरूर बाळगावा.

आज पोचल्याची खबर फोनवर क्षणात जाते, आणि ते चांगलंच आहे; वरसईसारखी वाट कुणालाच पाहावी लागू नये. तरी प्रवासातून कार्ड टाकण्याची ओढ गेलेली नाही. हिमाचल प्रदेशात स्पितीच्या खोऱ्यात हिक्कीम नावाचं खेडं आहे, सुमारे १४,५०० फुटांवर. तिथे १९८३ सालापासून पोस्ट आहे, आणि आता सुट्टीत गेलेली तरुण मुलं-मुली तिथे उभी राहून घरच्यांना कार्ड लिहितात. तिथलं टपाल खाली काझाला येतं आणि मग पुढच्या वाटेला लागतं. श्रीनगरच्या दल सरोवरात तरंगत्या नावेवर २०११पासून पोस्ट आहे, तिथेही तीच गर्दी. दक्षिण गंगोत्री या अंटार्क्टिकावरच्या आपल्या पहिल्या तळावर १९८४ साली पोस्ट उघडलं ते गोव्याच्या टपाल विभागाखाली.

यंदा सुट्टीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी जवळच्या पोस्टातून दहा कार्डं घ्यावीत. पाच रुपयांचं काम आहे. खिडकीवर कधी कधी नसतात, तेव्हा दोन दिवस आधी विचारावं. पत्ता देवनागरीत घातला तरी चालतो, पण पिन कोड सहाही चौकोनांत स्पष्ट हवा. बॉलपेन वापरावं, जेल पेनची शाई पावसात पसरते. परप्रांतातून घालत असाल तर राज्याचं नाव जरूर लिहावं. विकतच्या चित्रकार्डाला तिकीट किती लागेल ते खिडकीवर विचारूनच लावावं, कमी पडलं तर घरच्यांना दंड भरावा लागतो. आणि पेटीवर टपाल काढण्याची वेळ लिहिलेली असते, ती पाहून कार्ड टाकावं.